‘प्रकार जुळत नाही’ : संगणकाची एक तक्रार आणि तिचा शोध

महोत्सवी स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे संस्कार, शिस्त किंवा मातृभाषा यांपैकी एखादा विषय वाचकांना अपेक्षित असतो. त्या विषयांवर लिहिणारी माझ्याहून अधिकारी मंडळी या अंकात असतीलच. मी मात्र एका रूक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वळणार आहे. आपल्या सभासदांच्या घरांतून आज संगणकशास्त्र शिकणारी मुलेमुली पुष्कळ आहेत; आणि लहानमोठ्या संस्थांची कामे, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, देणग्यांच्या पावत्या, ही सारी आता संकेतस्थळांवरून चालतात. ती सुरळीत चालतात तोपर्यंत कोणी तिकडे ढुंकून पाहत नाही. एके दिवशी पान अर्धेच उमटते, खाली इंग्रजीत दोन ओळी येतात आणि मग सगळ्यांचे हात थांबतात. त्या दोन ओळी कशा वाचाव्यात, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

सन २०२३ च्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. एका शिष्यवृत्ती समितीकडे आलेले अर्ज तपासण्याच्या कामी मी मदत करीत होतो. अर्ज ११२ होते. मंजूर अर्जांची यादी छापावयास घेतली, तो ३६ नावे व्यवस्थित उमटली आणि सदतिसाव्या नावाशी पान तुटले. खाली संदेश होता : ‘कॉल टू अ मेंबर फंक्शन गेटनेम() ऑन नल’. समितीचे संकेतस्थळ सांभाळणारा तरुण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत होता. त्याने तो संदेश पाहिला, एक ओळ बदलली आणि पाच मिनिटांत म्हणाला, “सर, झाले. यादी पूर्ण निघते.” यादी खरोखरच पूर्ण निघाली. मीही त्याची पाठ थोपटली. ती चूक होती, आणि चुकीत माझा वाटा त्याच्याहून कमी नव्हता. काय घडले ते पुढे सांगतो. आधी त्या संदेशाचा अर्थ पाहू.

शाळेतील उदाहरण घेतो, कारण मला तेच जवळचे. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कोरा छापील नमुना कार्यालयात असतो. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण असे रकाने ठरलेले असतात. हा कोरा नमुना म्हणजे संगणकाच्या भाषेतील ‘क्लास’. एका विद्यार्थ्याच्या नावाने भरून दिलेला, सहीशिक्क्याचा दाखला म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. (मराठीत क्लासला ‘वर्ग’ म्हणतात, पण शाळामास्तराने तो शब्द वापरला तर घोटाळा अटळ आहे, म्हणून मी येथे क्लासच म्हणतो.) दाखल्याला जशी माहिती असते तशी ऑब्जेक्टला काही कामेही नेमून दिलेली असतात : नाव सांग, वय मोज, शुल्क काढ. नॉर्वेतील ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोघांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत ही कल्पना प्रथम पूर्णत्वास नेली. बंदरातील जहाजे, खिडकीपुढील गिऱ्हाईक अशा व्यवहारांची नक्कल संगणकावर करून पाहावी, हा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे बहुतेक साऱ्या भाषांनी ती कल्पना उचलली.

आता समजा, प्रवेशाच्या खिडकीवर कारकून दाखला मागत आहे आणि एखाद्याने रेशनकार्ड पुढे केले. कागद खोटा नाही, माणूसही खोटा नाही. पण ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना रेशनकार्डात सापडावयाचा कसा? ऑब्जेक्टच्या प्रकाराची चूक म्हणतात ती हीच. कार्यक्रमाला एका प्रकारची वस्तू अपेक्षित होती, हाती दुसऱ्याच प्रकारची आली. किंवा काहीच आले नाही. या ‘काहीच नाही’ला संगणकाने ‘नल’ असे नाव दिले आहे. तेव्हा आमच्या संदेशाचा सरळ अर्थ असा होता : ज्याला नाव विचारावयाचे, तो जागेवर नाहीच.

हा ‘नल’ आला कोठून, याची हकिकत प्रसिद्ध आहे. कोलंबो येथे जन्मलेले इंग्रज संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली ‘अल्गॉल डब्ल्यू’ या भाषेची रचना करताना त्याचा समावेश केला. करावयास सोपा होता म्हणून केला, असे त्यांनीच पुढे सांगितले. आणि २००९ साली लंडन येथील एका परिषदेत त्यांनी या कल्पनेला ‘आपली एक अब्ज डॉलरांची चूक’ असे म्हटले. स्वतःच्या शोधाविषयी इतक्या मोकळेपणाने बोलणारी माणसे विरळा.

आमचे संकेतस्थळ ‘पीएचपी’ या भाषेत लिहिलेले होते. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या वैयक्तिक पानासाठी जी साधने तयार केली आणि १९९५ मध्ये लोकांना खुली केली, त्यांतून ही भाषा वाढली. तिचा मूळ स्वभाव उदार, किंबहुना भिडस्त. ‘५००’ ही अक्षरे दिली तर ती त्यांना पाचशे ही संख्या मानून बेरीज करते. रिकाम्या जागेकडे एखादा रकाना मागितला तर केवळ एक सूचना नोंदवून पुढे चालू लागते. लहान कामाला हा स्वभाव सोयीचा. परंतु पैशांच्या आणि माणसांच्या याद्या त्यावर सोपवल्या की भिडस्तपणा महाग पडतो. भाषा चालवणाऱ्यांच्याही हे ध्यानात आले. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत ऑब्जेक्टची नीट व्यवस्था झाली. २०१५ अखेर आलेल्या सातव्या आवृत्तीत संख्या, अक्षरे अशा साध्या गोष्टींचाही प्रकार आधी घोषित करण्याची सोय आली. २०१९ च्या ७.४ आवृत्तीपासून ऑब्जेक्टच्या आतील प्रत्येक रकान्याचा प्रकारही बांधून टाकता येऊ लागला. भाषा वयाबरोबर कडक होत गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

या जातीचे संदेश वरवर सारखे दिसतात. पण प्रत्येकाचे गाऱ्हाणे निराळे असते. संदेशाचा शेवटचा शब्द पुष्कळजण वाचतच नाहीत, आणि नेमकी खूण तेथेच असते. ‘ऑन नल’ असेल तर वस्तू आलीच नाही. ‘ऑन बूल’ असेल, तर वस्तूच्या जागी ‘असत्य’ असे उत्तर आले आहे. अशा वेळी माहितीसाठ्याला केलेली विचारणाच फसलेली असते, किंवा विचारणा बरोबर असून जुळणारी नोंद एकही निघालेली नसते. तेव्हा जेथे चूक उमटली ती ओळ न्याहाळीत बसण्याऐवजी तिच्या आधीची विचारणा तपासावी. ‘ऑन स्ट्रिंग’ असेल, तर वस्तूऐवजी केवळ तिचे नाव किंवा क्रमांक हाती आला आहे. विद्यार्थ्याला बोलावले आणि वर्गात त्याचा हजेरी क्रमांक तेवढा आला, असा तो प्रकार.

दुसरा एक संदेश नवशिक्यांना फार छळतो : ‘कॅनॉट यूज ऑब्जेक्ट ऑफ टाइप एसटीडीक्लास ॲज ॲरे’. दुसऱ्या संकेतस्थळाकडून माहिती येते ती ‘जेसन’ नावाच्या मजकुराच्या रूपात येते. पीएचपीने तो मजकूर उलगडला की, निराळे काही सांगितले नसेल तर, ‘एसटीडीक्लास’ या साध्या क्लासचा ऑब्जेक्ट मिळतो. उलगडतानाच तसे सांगितले तर ‘ॲरे’ म्हणजे रकानेवार मांडणी मिळते. आतील माहिती तीच. पण ऑब्जेक्टमधून ती बाणाच्या खुणेने काढावयाची आणि ॲरेमधून चौकटी कंसाने. ऑब्जेक्टला चौकटी कंस लावला की भाषा वरील संदेश देऊन थांबते. उलट ॲरेला बाण लावला, तर नुसता इशारा नोंदवते, ‘नल’ हाती ठेवते आणि पुढे निघून जाते. म्हणजे दोन सारख्याच चुकांपैकी एक ओरडते आणि एक कुजबुजते. कुजबुजणारी अधिक भयंकर.

एकाऐवजी यादी येणे, हाही नेहमीचा घोटाळा. माहितीसाठ्याकडे ‘अमुक क्रमांकाचे विद्यार्थी दे’ असे मागितले तर उत्तर यादीच्या रूपात येते; तीत एकच नाव असले तरी ती यादीच. एक पान उरलेली वही वहीच असते. तिला ‘तुझी जन्मतारीख काय’ असे विचारून उपयोग नाही. तिच्यातील पहिले पान काढून त्याला विचारावे लागते.

प्रकार आधी घोषित केलेले असतील तर संदेश बराच मदतीचा येतो. ‘शुल्क काढ’ या कामाला ‘विद्यार्थी’ हवा असे लिहून ठेवलेले असताना कोणी नुसता क्रमांक दिला, तर संदेश सांगतो की पहिली वस्तू ‘विद्यार्थी’ या प्रकारची असावयास हवी होती, आलेली अमुक प्रकारची आहे, हे काम अमुक फायलीच्या अमुक ओळीवरून मागितले गेले, आणि त्याची व्याख्या अमुक ठिकाणी आहे. येथे दोन जागा दिलेल्या असतात. माझ्या पाहण्यात आलेली मुले हटकून व्याख्येची जागा उघडतात आणि तेथे दुरुस्ती करू लागतात. खिडकीवरचा कारकून बरोबर असतो. चुकीचा कागद ज्याने पाठवला त्याच्याकडे जावयास हवे. ‘मागितले गेले’ असे ज्या ओळीविषयी म्हटले आहे ती आधी उघडावी. ती ओळही दुसऱ्या कोणाकडून आलेली वस्तू पुढे देत असेल, तर संदेशाखाली जी क्रमवार साखळी छापलेली असते तिच्या आधाराने एकेक पाऊल मागे जावे. प्रत्येक पायरीवर वस्तूचा प्रकार छापून पाहावा. त्यासाठी ‘व्हार-डम्प’ ही जुनी सोय आहे. २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून ‘गेट-डीबग-टाइप’ हीदेखील आहे. ज्या पायरीवर प्रकार प्रथम बिघडलेला दिसतो, रोग तेथे.

आता आमच्या यादीकडे वळू. त्या तरुणाने केलेला बदल असा होता. आठव्या आवृत्तीत एक नवी खूण आली आहे : बाणाच्या आधी प्रश्नचिन्ह. तिचा अर्थ, ‘वस्तू असेल तर विचार, नसेल तर गप्प राहा आणि नल घे’. खूण उपयोगी आहे, तिला मी दोष देत नाही. तिच्यामुळे सदतिसावे नाव उमटले आणि त्याच्यापुढील ‘पालकाचे नाव’ हा रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याकडे आम्ही कोणी लक्ष दिले नाही. पुढे रक्कम पाठवण्याची फाइल तयार झाली. रक्कम पालकाच्या बँक खात्यात जावयाची होती, आणि त्या कार्यक्रमात कोणी पूर्वीच एक दक्षता घेऊन ठेवली होती की, खाते क्रमांक रिकामा असेल तर ती ओळ गाळावी. ओळ गाळली गेली. संदेश नाही, तक्रार नाही.

ऑक्टोबरमध्ये ती मुलगी स्वतः चौकशीला आली. मंजुरीच्या यादीत नाव आहे, मग रक्कम का नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. तिचे आईवडील हयात नव्हते. ती आजीजवळ राहत होती. अर्जात पालक म्हणून ‘वडील’ किंवा ‘आई’ एवढेच दोन पर्याय होते. तिने दोन्ही सोडले होते, आणि त्याखालील बँक खात्याचा रकाना या दोहोंपैकी एक निवडल्यावाचून उघडतच नव्हता. महाविद्यालयाचे शुल्क तिच्या परगावच्या मामाने उसने पैसे काढून भरले होते.

त्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा बसलो आणि ते प्रश्नचिन्ह काढून टाकले. पान पूर्वीप्रमाणे सदतिसाव्या नावाशी तुटले. मग मागे मागे गेलो. यादीला पालक देणारे काम नल देत होते. त्या कामाला माहितीसाठ्यातून पालकाचा क्रमांकच मिळत नव्हता. आणि तो मिळत नव्हता, कारण अर्ज स्वीकारतानाच तो कोरा स्वीकारला गेला होता. तीन पायऱ्या. पहिल्या दिवशी हे करावयास फार तर अर्धा तास लागला असता.

नंतर माहितीसाठ्याला विचारले की, पालकाचा रकाना कोरा असलेले अर्ज किती? उत्तर आले, चार. एक या मुलीचा. दोन अर्ज बालगृहात वाढलेल्या मुलांचे. तेथील अधीक्षक हे त्यांचे पालक, पण तसा पर्यायच नव्हता. चौथ्या मुलाचे आईवडील दोघेही खुशाल होते. गडी तो भाग भरावयास विसरला होता. चौघांनाही संगणकाने एकच नाव दिले होते : नल. नाही, माहीत नाही, विचारलेच नाही आणि भरावयाचे राहिले, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात आम्ही त्या एक होऊ देत नाही. वडील नसतील तर नावामागे ‘कै.’ लिहितो, माहिती यावयाची असेल तर पेन्सिलीने खूण करून ठेवतो. शाईची रेघ आणि कोरी जागा यांचा अर्थ तेथे वेगळा असतो. कार्यक्रम लिहिणाऱ्यानेही ही व्यवस्था आधी करावयाची असते. ती न करता नलवर नल झाकीत जाणे म्हणजे रजिस्टरातील सर्व कोऱ्या जागा एकाच रंगाने सारवणे.

आम्ही केलेली दुरुस्ती मोठी नव्हती. अर्जात ‘अन्य पालक’ आणि ‘संस्थेचे अधीक्षक’ हे पर्याय घातले. रक्कम पालकाच्या ऐवजी शक्य तेथे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जाईल असे केले. अकरावीनंतरच्या बहुतेक मुलांचे खाते असतेच. पालक देणाऱ्या कामाच्या घोषणेत, येथून ‘पालक’ येईल किंवा नल येईल, असे स्पष्ट लिहिले. ही सोय ७.१ या २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. घोषणा केली म्हणजे काम करून घेणाऱ्यांवर दोन्ही शक्यतांचा विचार करण्याची जबाबदारी येते; आणि ‘पीएचपीस्टॅन’सारखी जी साधने कार्यक्रम न चालवता नुसता वाचून दोष दाखवतात, तीही मग नेमके बोट ठेवू शकतात. खाते रिकामे दिसले तर ओळ गाळण्याऐवजी फाइल तयारच होऊ नये आणि त्या अर्जाचा क्रमांक दाखवावा, असेही केले. शेवटची दुरुस्ती करताना तो तरुण जरा नाखूश होता. “सर, एका अर्जासाठी सगळ्यांचे थांबेल,” तो म्हणाला. थांबू दे, असे मी म्हटले. आणि हे माझे मत आजही तेच आहे. चौघांच्या रकमा नोव्हेंबरात गेल्या. मामाचे उसने पैसे फिटले.

एक दक्षता मात्र सांगितली पाहिजे. हे संदेश संकेतस्थळ पाहणाऱ्या परक्या माणसाला दिसू देऊ नयेत. त्यांत फायलींची नावे आणि जागा असतात आणि त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो. बाहेरच्याला साधे दिलगिरीचे वाक्य दाखवावे. पूर्ण संदेश नोंदवहीच्या फायलीत जावा, आणि ती फाइल कोणीतरी रोज उघडावी.

प्रकार बरोबर असला म्हणजे सारे बरोबर, असेही नाही. न्याहाळकात चालणाऱ्या ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेत अर्जातील दोन रकान्यांतून १२०० आणि ३०० आले आणि त्यांची बेरीज मागितली, तर उत्तर १२००३०० येते. कारण अर्जातून येणारी किंमत मुळात अक्षरे असतात आणि अक्षरांच्या बाबतीत अधिकचे चिन्ह म्हणजे जोडणे. तेथे भाषा कसलीही तक्रार करीत नाही. रकमेचा आकडाच डोळ्यांत भरला तर भरला.

माझ्या घरचे उदाहरण याहून गमतीचे आहे. आमच्यात पुष्कळांच्या नावात आडनाव असा भागच नसतो. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढ्यावर काम भागते. आडनावाचा रकाना सक्तीचा असला की कोणी टिंब देतो, कोणी वडिलांचे नाव पुन्हा लिहितो, कोणी इंग्रजी ‘एनए’ ही अक्षरे टाकतो. संगणकाला अक्षरे हवी होती, अक्षरे मिळाली, प्रकार जुळला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या जागी ‘एनए’ असे ठळक छापून आले आणि पुढील दोन वर्षे ती जेथे जाईल तेथे तेच तिचे आडनाव झाले. नल असता तर निदान कोठेतरी पान तुटले असते आणि कोणी विचारले असते.

त्या शिष्यवृत्ती समितीच्या अर्जातही आडनावाचा रकाना सक्तीचाच आहे. तो ऐच्छिक करण्याचे मी दोनदा सुचवले आहे. तो तरुण आता पुण्यात नोकरीस लागला आहे आणि त्याच्या जागी आलेली मुलगी म्हणते की, आडनावावरून यादी लावणारे सात ठिकाणचे काम आधी तपासावे लागेल. तिचे म्हणणे रास्त आहे. त्यांपैकी तीन ठिकाणे आमची पाहून झाली आहेत.